घरचं वाक्य

नागसेन सुखदेवे सरांचं इंग्रजी कॉलेजात नाही, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तयार झालं. तीस वर्षं त्यांनी व्यापाऱ्यांची तक्रारपत्रं वाचली. नोकरी लागली त्याच वर्षी इतवारीतल्या एका भांडेवाल्याचं पत्र आलं, हा उशीर आम्ही 'पुट अप विथ' करणार नाही. सरांनी डिक्शनरीत तिन्ही शब्द वेगवेगळे पाहिले. ठेवणे, वर, सोबत. करणार नाही म्हणजे वर ठेवायचं नाही, असं समजून त्यांनी त्याची पेटी वरच्या फळीवरून खाली उतरवून ठेवली. भांडेवाल्याला म्हणायचं होतं, सहन करणार नाही. ऑफिसातला साहेब दोन दिवस हसत होता.

"त्याच दिवशी मी ठरवलं," सर सांगायचे, "आपल्या पोरायले असं कोणी हसलं नाही पाहिजे."

रिटायर झाल्यावर वस्तीतल्या विहारात ते रोज संध्याकाळी सहाला शिकवू लागले. फी नाही, परीक्षा नाही. दिवसाला एकच फ्रेजल व्हर्ब, म्हणजे दोन-तीन शब्द मिळून होणारं क्रियापद, त्याचे अर्थ, त्याच्या जवळचे शब्द. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने त्याचं एक वाक्य आणायचं. वाक्य घरचं पाहिजे आणि खरं पाहिजे. पुस्तकातलं आणलं की सर सरळ फुली मारायचे. "हा राम कोण आहे गा? तुया शेजारी राहते काय?"

घरची वाक्यं फळ्यावर लिहायची, सुधारायची आणि वर्ग सुटायच्या आत ओल्या फडक्याने पुसून टाकायची, हा सरांचा नियम. बाहेर कोणी चकार शब्द काढायचा नाही. चांगली वाक्यं सर आपल्या निळ्या वहीत उतरवून घेत, पण ती वही कोणाला मिळत नसे. मी सहा वर्षं त्या वर्गात होते. एकाही घरची गोष्ट बाहेर गेली नाही, आणि आमच्या वस्तीत एवढं झाकून ठेवणं म्हणजे कमालच होती.

'पुट अप विथ'वर सरांनी आठवडा घालवला. "टॉलरेट ऑफिसातला, एन्ड्युअर पुस्तकातला, पुट अप विथ घरचा," ते म्हणाले. मराठीत काय म्हणायचं, यावर खूप वाद झाला. मी म्हटलं, खपवून घेणे. सरांनी मान हलवली. "खपवून तो घेते, ज्याले नाही म्हणता येते. ज्याले येत नाही, तो सोसते." तेव्हा माझ्या बाजूला बसणारी सुमती उठली आणि तिने आपलं वाक्य फळ्यावर लिहिलं. इंग्रजीत होतं, अर्थ असा: बाबा दारू पिऊन ताट फेकतात, आई ते सोसते, कारण मामाच्या घरी तिला जागा नाही. सरांनी एक क्रियापद सुधारलं, वहीत लिहिलं आणि फळा दोनदा पुसला.

आज माझा स्वतःचा इंग्रजी स्पीकिंगचा क्लास आहे. बाहेर हात बांधून उभ्या असलेल्या माझ्या फोटोचा फ्लेक्सही आहे. गेल्या वर्षी मी सरांना म्हटलं, तुमच्या शब्दांची पुस्तिका छापू या, मी खर्च करते. सर खूश झाले. निळी वही हातात देताना म्हणाले, "शब्द घे, अर्थ घे. वाक्यं तेवढी राहू दे वं दीप्ती."

मी हो म्हटलं. पण छापायला बसले तेव्हा कळलं, वाक्यांशिवाय ती पुस्तिका म्हणजे कुठल्याही दुकानात मिळणारी यादी. जीव त्या वाक्यांत होता. मी वाक्यं घेतली आणि खाली मुलांची नावंही टाकली. आपलं नाव छापलेलं पाहून सगळे खूश होतील, असं मी स्वतःला पटवलं. सरांना विचारलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बुद्धपौर्णिमेला विहारात पुस्तिका वाटल्या. माझ्या हातून माईक सुटत नव्हता. नमुना म्हणून सगळ्यात चांगलं वाक्य वाचावं म्हणून मी सुमतीचं वाचलं, नावासकट, आणि सगळ्यांना कळावं म्हणून वर मराठीतही सांगितलं.

सुमतीची आई इंदूबाई पहिल्याच रांगेत पांढऱ्या लुगड्यात बसल्या होत्या. सुमतीचे वडील रुपराव दाराशी खीर वाढत होते. दहा वर्षं झाली, त्यांनी दारूला हात लावलेला नाही. दर पौर्णिमेला खिरीचं पातेलं त्यांच्याकडेच असतं. त्यांनी डाव पातेल्यात ठेवला, हात पुसले आणि चपला न घालताच निघून गेले.

इंदूबाई माझ्याजवळ आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "काहून वं? मी तं माया माहेरीबी कोणाले सांगतलं नव्हतं." सुमती कामठीला नर्स आहे. त्या दिवसापासून ती माझा फोन उचलत नाही.

मी उरलेल्या पुस्तिका गोळा केल्या, पण घराघरांत गेलेल्या कशा गोळा करणार? रुपराव त्यानंतर विहारात आले नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरी गेले. दोन्ही वेळा त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आतल्या खोलीत निघून गेले. सरांकडे रडले तर ते म्हणाले, "चूक माही आहे. वही मीच देल्ली." हे ऐकून मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती, आणि ती मी समजून उमजून केली होती.

मागच्या आठवड्यात हिंमत करून वर्गात गेले आणि मागे बसले. फळ्यावर 'पुट अप विथ' होतं, खाली तेच जवळचे शब्द. एक लहान मुलगी उठली आणि तिने वाक्य लिहिलं, राम रोज गोंगाट सहन करतो. तिच्या मागच्या मुलाचाही राम होता, फक्त गोंगाटाऐवजी ऊन होतं.

मी सरांकडे पाहिलं. आता फुली मारतील, विचारतील, हा राम कोण आहे गा?

सरांनी दोन्ही वाक्यांवर बरोबरची खूण केली. फळा तसाच ठेवून त्यांनी वर्ग सोडला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.