करंगळीचा टेकू

रोह्याच्या मैदानावर शेवटचा चेंडू टाकला आणि कोपरात कट् आवाज झाला. आमच्या बेसबॉल संघाची पिचर मी. चेंडू बॅटरपर्यंत गेलाच नाही, मध्येच कुठेतरी टप्पा खाऊन पडला. समोरच्या संघातल्या मुली हसल्या. मीही हसले. पण उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं, आणि माझं धाबं दणाणलं होतं.

करंगळीचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. आमचा हमरापूरला गणपतीचा कारखाना आहे. बाबांचा हात थरथरायला लागल्यापासून मूर्तीच्या डोळ्यांची आखणी मीच करते. आखणी करताना करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायची आणि तिच्या आधाराने ब्रश फिरवायचा. टेकू हलला की देव तिरळा, आणि तिरळा देव कोण घरी नेणार? आमची चूल त्या एका बोटावर पेटते.

रोह्यातल्या डॉक्टरबाईंनी मला झोपवून हात वळवून पाहिला. बाहेरच्या बाजूला भलताच जात होता, आत वळायचं नाव नाही. खांदाही गेला, असंच मला वाटलं.

"लहानपणापासून फेकतेस ना? त्याने दंडाचं हाड वाढताना थोडं पिळतं. त्याला घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "पण खांदा आखडलाय. त्याच्या वाटचा ताण कोपराने घेतला. कोपराच्या आतल्या बाजूचा बंध अर्धवट फाटलाय, आणि शेजारची नस दुखावलीय."

खांदा कशाने आखडला, ते मला विचारावं लागलं नाही. गणपतीच्या सीझनमध्ये दिवसभर हात उचलून रंगवायचं आणि संध्याकाळी तसंच धावतपळत पेणला सरावाला जायचं. बाकीच्या मुली खांदे मोकळे करायच्या, तेव्हा मी ऐटीत सांगायचे, माझा हात सकाळपासून चालूच आहे, मला काय गरज? अक्कल माझी!

"नस बरी होईल ना?"

"बहुतेक. फेकणं बंद. मग बघू."

त्या 'बहुतेक'ने मी घाबरले ती घाबरलेच. एसटीत वडखळ येईपर्यंत करंगळीला चिमटे काढत बसले होते.

घरी, हात मुरगळलाय, एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन बसले. आखणी चालू असताना आमच्याकडे कुणी बोलत नाही. करंगळी गालावर टेकवली, पण टेकली की नाही तेच कळेना. जोर दिला, तशी ती घसरली आणि देवाच्या गालावर काळा फराटा उमटला.

बाबा जवळ आले. माझी करंगळी धरून त्यांनी नखाने दाबली.

"कलतंय का गो?"

"नाय."

त्यांनी आणखी जोरात दाबलं. नख रुतलेलं मला दिसत होतं.

"आता?"

"नाय, बाबा."

त्यांचा चेहरा मला बघवेना. मी रडायला लागले. फराटा त्यांनीच पुसला आणि मूर्ती तशीच, डोळ्यांवाचून, फळीवर ठेवली. तिच्या शेजारी तशाच आणखी मूर्ती आहेत. त्या फळीकडे मी हल्ली बघत नाही.

रोज सकाळी चहाच्या पेल्याला आधी करंगळी लावते. आज पेला गरम लागला. की वाफ दिसली म्हणून तसं वाटलं? मी डोळे मिटले आणि करंगळी पेल्यावर टेकवून धरली.

"भाजंल गो!" आई ओरडली.

"भाजू दे," मी म्हणाले.