चांद्याकडील अर्धा भाग

गोंदियातल्या त्या ऑफिसात कामाला लागले, त्या पहिल्याच दिवशी मी वहीत सामानाची यादी केली होती. वही अजून माझ्याकडे आहे. ट्रेसिंगचं कापड एक गुंडाळी. शाई काळी, लाल, पिवळी, निळी. रेघा ओढायचं पेन एक. लाकडी पट्ट्या दोन. कंपास एक, ढिला. कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायला मँगनीजचे दगड चार. आणि शेवटची ओळ : खिडकी एक, तिच्यातून चांदा लाईन दिसते.

खिडकी ऑफिसच्या सामानात धरायची नसते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी चांद्याची. आज ज्याला चंद्रपूर म्हणतात ते तेव्हा चांदा होतं. मॅट्रिक आणि ड्रॉइंगच्या परीक्षा तिथं देऊन मी मावशीकडे आले होते. मावशी कुडव्याच्या वाटेवर राहायची. गोंदियाहून चांद्याला जाणारी छोटी लाईन आमच्या ऑफिसच्या मागूनच दक्षिणेला वळायची. गाडीची शिटी झाली की मी पेन बाटलीच्या झाकणावर ठेवायची, धूर दिसेनासा झाला की उचलायची. तेवढ्या वेळात पेनातली शाई सुकायची, म्हणून जवळ ओलं फडकं ठेवायला लागले. तेही यादीत आहे.

कंपनी लहान होती. जमिनीत मँगनीज कुठं लागेल ते शोधायचं, सरकारकडून त्या जागेचा पट्टा घ्यायचा आणि खोदायचं, एवढंच तिचं काम. माझं काम त्याहून सोपं वाटायचं. पटवाऱ्याकडून गावाचा नकाशा यायचा, सोळा इंचाला एक मैल या मापाचा. तो कापडाखाली ठेवून शेतांच्या हद्दी उतरवायच्या, खसऱ्याचे, म्हणजे शेतांचे, नंबर घालायचे, आणि पट्ट्यांच्या वहीतून बघून रंग भरायचा. अर्ज केलेली जागा पिवळी, पट्टा मिळालेली लाल, मुदत संपलेली निळी. खड्डे कुठं घ्यायचे हे मुकादमाला त्या लाल रंगावरून कळायचं. त्याला वाचता येत नव्हतं, पण लाल ओळखता येत होता.

आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो त्याच्या पुढच्या दिवाळीआधीची गोष्ट. आमचे मॅनेजर, ज्यांना सगळे बडे बाबू म्हणत, सकाळीच एक कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"बहनजी, ये गोरेगाव तरफ का पट्टा मंजूर हो गया. आज ही चढ़ा दो. परसों से खड्डे चालू."

कागदावर पटवाऱ्याच्या हातचं वर्णन होतं : खसरा नंबर एकशे चौदा पैकी, चांद्याकडील अर्धा भाग.

'पैकी' हा शब्द मला नेहमी नकोसा वाटायचा. तो आला की नंबर पुरा नसतो, कुठं तरी तुकडा पाडावा लागतो. पण इथं अडचण नव्हती. एकशे चौदा हा उत्तर-दक्षिण पसरलेला लांबट नंबर होता, आणि चांदा दक्षिणेला. रोज दोनदा मी गाडी तिकडे जाताना बघत होते. मी दोन मिनिटांत मधून रेघ मारली आणि दक्षिणेकडचा अर्धा भाग लाल केला. रंग इतका एकसारखा बसला की बडे बाबूंनी कापड उजेडात धरून "बहुत बढ़िया" म्हटलं. त्या दिवशीच्या वहीत 'गोरेगावकडचा पट्टा' यापुढं मी बरोबरची खूण केलेली आहे.

चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीनं एक बाई आल्या. पन्नाशीच्या, हातात छत्री, नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. त्या पवारांच्या घरातल्या, शेताच्या मालकीणबाई, हे त्यांनी दारातूनच सांगितलं. दुसऱ्या हातात पळसाच्या पानांचा द्रोण होता. तो त्यांनी सरळ माझ्या टेबलावर, ताज्या ट्रेसिंगवर उपडा केला. काळी ओली माती कापडावर पसरली.

"हे पाय. माह्या बोडीच्या पाळीची माती हाय. तुमचे मानसं खोदून राहिले तिथं. मुकादम म्हनते कागदात हाय. कोनत्या कागदात हाय त दाखव मले."

बोडी म्हणजे लहान तळं, पाळ म्हणजे त्याचा मातीचा बांध. आमच्याकडे धानाच्या बांध्यांना तिच्यातून पाणी देतात. मी माती बाजूला सारून त्यांना एकशे चौदा नंबर दाखवला. त्यांनी वाकून बघितलं.

"बोडी कुठं हाय याच्यात?"

बोडी नव्हतीच. नकाशा जुन्या मोजणीचा होता.

"नकाशात बोडी नाही, काकू."

"नाही काऊन? माह्या सासऱ्यानं खोदली. माहं लगन झालं त्या साली. तुह्या कागदात नाही त मंग मी इतके वर्सं धान कायच्यावर पिकवून राहिली, थुकीवर?"

पलीकडे बडे बाबूंनी वर्तमानपत्र खाली केलं. "देखो बाई, ऊपर का धान तुम्हारा, नीचे का पत्थर सरकार का. सरकार ने पट्टा हमको दिया. नुकसान होगा तो अर्जी करो."

"अर्जी करीन जी, पन धान थांबते का अर्जीसाठी? निसवलं हाय ते. ओंब्या बाहेर आल्या. आता पंधरा दिवस पानी पाह्यजे. पाळ फुटली की बोडी नाल्यात, अन मी घरी बसून काय पाहू, दान्याबिगरचं तनस?" मग आवाज थोडा खाली आणून त्या म्हणाल्या, "गोटे न्या ना तुम्ही. मी कायले नाही म्हनू? पन गोटे त तिकडं टेकडीवर हायत, चांद्यापाशी. तिकडं सोडून इकडं कायले खोदून राहिले?"

चांद्यापाशी हा शब्द मी ऐकला आणि समजूत घालावी तसं म्हणाले, "काकू, चांदा तर केवढा लांब. गाडीनं जायला दिवस मोडतो."

बाई माझ्याकडे बघून हसायलाच लागल्या. रागावून आलेलं माणूस एकदम हसलं की फार लाजायला होतं.

"चांदा शहर नाही वो बाई! चांदा. गोटा. मोजनीचा गोटा, टेकडीवर गाडलेला."

मी नकाशाकडे बघितलं. एकशे चौदाच्या अगदी वरच्या टोकाला, उत्तरेला, वर्तुळात टिंब होतं. तसली टिंबं मी वर्षभर शेकड्यानं उतरवली होती. माझ्या खुणांच्या यादीत त्यांना नावही दिलं होतं : 'वर्तुळात टिंब'. ती खूण म्हणजे मोजणीचा तो दगड. त्याला पटवारी चांदा म्हणतात आणि शेतकरीही म्हणतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. चांदा म्हटल्यावर मला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं.

मी उठून बडे बाबूंसमोर उभी राहिले. "चूक माझी आहे. लाल भाग उलटा रंगवला. पट्टा टेकडीचा आहे."

त्यांनी कागद वाचला, खिडकीतून रुळांकडे बघितलं, परत कागद वाचला. त्यांनीही चांदा म्हणजे शहरच समजलं असणार, कारण ते रागावले नाहीत. "पटवारी से लिखवा लाओ. मुकादम जुबानी बात नहीं मानेगा. और आज ही. कल तक खड्डा पानी में पहुँच जाएगा."

मी वहीत घाईनं चार ओळी लिहिल्या : ट्रेसिंग, पट्ट्याचा कागद, लाल शाई, चाकू खरवडायला. दुपारच्या गाडीत बाई आणि मी समोरासमोर बसलो. चांद्याच्या दिशेनं मी त्या वर्षी पहिल्यांदाच जात होते, आणि मला गोरेगावला उतरायचं होतं.

गोरेगावला त्या दिवशी बाजार होता, म्हणून पटवारी सापडायला वेळ लागला नाही. बगलेत नकाशाची गुंडाळी आणि हातात वांग्यांची पिशवी घेऊन ते मिरच्यांच्या ढिगापाशी घासाघीस करत होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकत ऐकत मिरच्या निवडत राहिले.

"मुलगी कुठली?" त्यांनी विचारलं.

"चांद्याची."

"हं. चांद्याच्या पोरीनं चांदा बुडवला म्हणायचा." आजूबाजूचे हसले. बाईही हसल्या, पण माझ्या पाठीवर हात ठेवून. पटवाऱ्यांनी तिथंच, पोत्यावर कागद ठेवून लिहून दिलं आणि वर म्हणाले, "चला, मीही येतो. तो मुकादम माझा कागद उलटा धरील."

बोडीपाशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पाळीवरचा खड्डा कमरेइतका झाला होता आणि तळाची माती चमकत होती. पाझर सुरू झाला होता. खाली बांध्यांमध्ये धान उभं होतं, ओंब्या अजून हिरव्या, हलक्या. पटवाऱ्यांनी कागद वाचून दाखवला. मुकादमानं मला एवढंच विचारलं, "मंग लाल कुठं?" मी ट्रेसिंग पाळीवर पसरलं, चाकूनं खालचा रंग खरवडला आणि तिथंच गुडघ्यावर बसून वरचा अर्धा भाग लाल केला. खाली सपाट टेबल नव्हतं. रंग कुठं दाट, कुठं पातळ बसला. मुकादम समाधानानं मान हलवून माणसांना घेऊन टेकडीकडे निघाला.

बाई तोवर खड्ड्यात उतरल्या होत्या. "माती दे," त्या म्हणाल्या. मी घमेलं उचललं. आम्ही दोघींनी भरलं, त्यांनी पायानं तुडवलं, वरून मुरूम टाकला. तुडवता तुडवता त्या एकदा थांबल्या, भरलेल्या मातीला हात लावला, पाझर थांबला का ते कान देऊन ऐकलं, आणि परत तुडवायला लागल्या. संध्याकाळची गाडी धरायची होती, पण मी आधी टेकडीवर चढून गेले. दगड झुडपात होता, वीतभरच वर, माथ्यावर फुलीची खूण. मी त्याच्यावर हात ठेवून उभी राहिले. तिथून दक्षिणेला बोडी दिसत होती, आणि तिच्यापलीकडे छोट्या लाईनीचा बांध.

त्या टेकडीवर थोडं मँगनीज लागलं. काही वर्षांनी ते संपलं, पट्ट्याची मुदतही संपली आणि त्याच कापडावर मी तो भाग निळा केला. माझ्या खुणांच्या यादीत 'वर्तुळात टिंब' पुढं मी टेकडीवरून परतल्या दिवशीच लिहिलं होतं : चांदा. गोटा. गाव नव्हे. पुढं गावाचं नावच बदललं. आता ऑफिसात कुणी नवीन मुलगी आली तर तिच्याकडून ही चूक व्हायचीच नाही. तिला बरं, पण मला ते नाव गेल्यानं अजून चुकल्यासारखं वाटतं.

पाळ टिकली. हे मला कळलं ते खड्डा बुजवला त्याच वर्षी, धान कापून झाल्यावर. ऑफिसच्या दारात छत्री दिसली. पाठोपाठ बाई आल्या, पदराच्या ओच्यात बोडीतले शिंगाडे, हिरवे, ओले, चिखल लागलेले. माझ्या टेबलावर नवं ट्रेसिंग पसरलेलं होतं. त्यांनी ओचा सोडता सोडता हात थांबवला.

"कागदावर टाकू का, वो चांदेवाली?"

मी मँगनीजचे चारही दगड उचलले आणि म्हटलं, "टाका."