आमच्या तीन वाफ्यांतला सरकारी आलू

बटाट्याला आमच्याकडे आलू म्हणतात. घरच्या वाडीत तो कोणत्या जातीचा लावायचा हे सरकार ठरवतं, हे मला धानोऱ्याला शाळेत मास्तर असताना कळलं. पन्नास सालानंतरची ती वर्षं. गावोगाव विकास सुरू झाला होता. म्हणजे जीप येऊ लागली होती.

शाळेमागे माझं बिऱ्हाड आणि बिऱ्हाडामागे वाडी. बोरीच्या काट्यांचं कुंपण आणि कोपऱ्यात विहीर. दोरीने ओढलेलं पाणी जेवढ्या जमिनीला पुरे, तेवढीच हिवाळ्यात हिरवी राही. ती तीन वाफ्यांची होती. त्या तीन वाफ्यांत माझी बायको फुलवा नावाचा आलू लावी. बेणं तिने माहेराहून, राजुऱ्याहून आणलं होतं. तिथे शेजारी एक मुसलमान भाजीवाले राहत. त्यांच्या घरच्या बाईंनी निघताना तिच्या टोपलीत ते घातलं होतं, आणि तेव्हापासून दरवर्षीच्या पिकातून तिने ते राखलं होतं.

दिसायला फुलवा गरीबच. लहान, वाकडातिकडा, आणि डोळे इतके खोल की सोलताना सुरी अडखळे. पण माठाखालच्या थंड कोपऱ्यात वाळूत पुरून ठेवला, तर आमचा वैशाखही तो काढी. दिवाळीपर्यंत त्याला बोटभर कोंब येत. त्या काळी धानोऱ्यात आलूचं बेणं विकत मिळत नसे. एक हिवाळा लावायचा राहिला, की वाळूतले आलू सुरकुतून जाणार आणि जात घरातून संपणार. हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. तरी पुढचा प्रकार मी केला.

विकासाचे साहेब शाळा पाहायला आले आणि वाडी पाहून थांबले. कडक इस्त्री, पायात पांढरे मोजे, तोंडात पुण्याची भाषा. पौषात जिल्ह्याचे मोठे साहेब दौऱ्यावर येणार होते आणि त्यांना दाखवायला एक आदर्श परसबाग हवी होती. "इथे आपण अप-टू-डेट लावू," साहेब म्हणाले. हे त्या आलूच्या जातीचं नाव. विलायतेतून उत्तरेच्या थंड डोंगरात आणि डोंगरातून आमच्याकडे येणारा तो आलू मोठा, गुळगुळीत, जवळजवळ बिनडोळ्यांचा. साहेबांनी एक नमुना खिशातून काढून मला दाखवला. माझ्यापुढे त्यांनी कागद ठेवला आणि मी सही केली. घरात विचारायचं मला सुचलंही नाही. साहेबांच्या मोज्यांना मनात हसणारा मी, त्याच साहेबांनी 'मास्तर, तुमच्यासारखी शिकलेली माणसं' म्हणताच विरघळलो.

"कोणाले विचारून हो म्हटलं?" बायकोने विचारलं.

"तीन वाफ्यांचा तर प्रश्न आहे."

"तीनच हायेत. मले एक वाफा त्यायचा लावून पाहाले काई हरकत नोती. कसा निंगते, कसा टिकते, पाह्यलं असतं. पण तीनही काऊन?"

हा साधा उपाय मी ग्रामसेवकाकरवी साहेबांपर्यंत पोहोचवला. ग्रामसेवक आमच्याच भागातला, भला माणूस. परत आला तो मान खाली घालून. आदर्श बागेत मिश्र जाती चालत नाहीत, असा निरोप होता. वर तो म्हणाला, "गुरुजी, तुमी मागं हटले तं मले सिरोंच्याले पाठवतीन. तिथं मले तेलुगू शिका लागन."

लावणीला समारंभ झाला. साहेबांनी भाषण केलं, चाकूने स्वतः एक आलू कापला आणि पुरला. वाफ्यांच्या टोकाला पाटी लागली. पाटीवर जातीचं नाव ठळक होतं, खाली विकास गट, त्याखाली माझं नाव. बायकोचं नाव नव्हतं, पण वाफ्यांना पाणी तीच घालणार होती.

पंधरा दिवस गेले, वीस गेले. वाफे कोरेच. तिने एक फोड उकरून पाहिली. ती लावली तशीच ताजी होती, कोंबाचा पत्ता नाही. "झोपला हाये," ती म्हणाली. डोंगरातला आलू नुकताच काढून आमच्याकडे धाडला होता. काढल्यावर आलूला दोनेक महिने विसावा लागतो, मगच तो फुटतो. आमच्या गावची कोणतीही बाई बेण्याचा कोंब पाहूनच ते लावते. साहेबांनी मात्र गुळगुळीतपणा पाहून निवडलं होतं. डोळे नसणं हा त्यांना गुण वाटला होता. इकडे माठाखाली फुलव्याचे कोंब लांबून पांढरे पडत चालले होते.

साहेबांना कळवलं. उत्तर आलं की पाणी कमी पडत असावं. माझ्या बायकोच्या तळहातावरचे दोरीचे वळ पाहूनही मी ते पत्र तिला वाचून दाखवलं. ते ऐकून ती बादली घेऊन पुन्हा विहिरीवर गेली.

शेवटी ग्रामसेवक दुपारचा, मागच्या बाजूने आला. "बाई, तुमचे आलू लावून टाका नं इथंच. मोठे साहेब येतीन तवा हिरवं दिसलं पाह्यजे फक्त."

मी भडकलो. म्हणालो, म्हणजे आमच्या आलूला तुमचं नाव? आधी पाटी उपटा, मग बोला. ग्रामसेवक बिचारा माझ्याकडे आणि पाटीकडे आळीपाळीने पाहत राहिला.

बायको म्हणाली, "आलूले वाचता येते काय? भाऊ, मी लावून देते. पण निंगन ते माझं राहीन."

त्याच संध्याकाळी तिने फोडींच्या मधल्या जागेत फुलवा लावला. तीन आठवडे उशीर झाला होता, पण आठवड्याभरात वाफे हिरवे झाले. पौषात मोठे साहेब आले तेव्हा सगळ्या वाफ्यांवर फुलं डोलत होती. आमच्या सपाटीवर फुलतो तो फुलवा. त्यावरूनच त्याला हे नाव पडलं आहे. साहेबांचा आलू उशिरा जागा होऊन मधूनमधून वीतभर वर आला होता, आणि एकही फूल नसलेला, मुका, त्याखाली दडला होता. आमच्या साहेबांनी मोठ्या साहेबांना ती फुलं दाखवून अप-टू-डेटची महती सांगितली. मोठ्या साहेबांनी एक फूल हुंगलं. बायको विहिरीपाशी बादली घेऊन उभी होती. तिच्याकडे कोणीही पाहिलं नाही, एक शब्दही विचारला नाही.

मग आदेश आला. बागेतला सगळा आलू चांद्याला, जिल्ह्याच्या प्रदर्शनात जाणार होता. सगळा, म्हणजे बेण्यासकट.

मी कागद घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा वरच्या माणसाला नकार लिहिला. या वाफ्यांतला आलू फुलवा आहे, तुमचा वेळेवर फुटला नव्हता, आणि आलू माझ्या बायकोचा आहे, तो मिळणार नाही. भाषा सभ्य ठेवायला तीन मसुदे करावे लागले. ग्रामसेवकाला सिरोंच्याची भीती होती म्हणून त्याचं नाव कुठे येऊ दिलं नाही. उत्तर आलं नाही. प्रदर्शनात आमच्या बागेच्या नावाने मोठमोठे आलू मांडले होते, असं नंतर कळलं. ते बाजारातून आणले असणार. आणि पुढच्या साली तालुक्यातल्या सगळ्या शाळांना अप-टू-डेट लावण्याचं फर्मान निघालं. आधार म्हणून आमच्या वाफ्यांचं यश दिलं होतं.

आलू काढताना बायकोने झाडागणिक दोन जाती वेगळ्या केल्या. उशिरामुळे फुलवा थोडा बारीकच निघाला, पण बेण्यापुरता पुष्कळ होता. साहेबांच्या जातीचे मूठभर आलू तिने दुसऱ्या टोपलीत, त्याच माठाखाली, तशाच वाळूत ठेवले.

"यांचं काय करतेस?" मी विचारलं.

"पाह्यते नं टिकते काय. त्यायचा काय दोष?"

वैशाखात त्या टोपलीला वास सुटला. तिने वाळू उपसली, सडलेले आलू एकेक हाताने चाचपून उकिरड्यावर नेऊन टाकले आणि हात धुऊन आली. मग फुलव्याची वाळू वर-खाली करून पाहिली. आलू टणक होते. तिने वाळू पुन्हा वरून सारखी केली आणि माठ जागेवर ठेवला.