लाल शाईत लिहिलेली बाई

वारा पहाटेपासूनच सुटला होता. कोरडा, धुळकट, कानात वाळू भरणारा. गच्चीवर टाकलेल्या चादरी पाव तासात पत्र्यासारख्या कडक होत होत्या आणि दोरीवरून सुटून पळायला बघत होत्या. कडीबाई दातांत चिमटे धरून एकेक चादर पकडत होती. तोंडात चिमटे असल्यामुळे वाऱ्याला द्यायच्या शिव्या नुसत्या नाकातून बाहेर पडत होत्या.

चौदा खोल्यांचं लॉज. चौदा चादरी, अठ्ठावीस अभ्रे, तेवढेच टॉवेल, आणि हे सगळं करणारी बाई एक, वय वर्षं त्रेपन्न. कडीबाई हे नाव तिला रखवालदाराने ठेवलं. खोली झाडून, पुसून, अंथरूण घालून झालं की ती दार लोटायची, आतून कडी घालायची, दोनदा हिसका देऊन बघायची, खिडकीचा खटका दाबायची, न्हाणीघराच्या झडपेकडे एक नजर टाकायची आणि मगच बाहेर यायची. प्रत्येक खोलीत, रोज. रखवालदाराने एकदा विचारलं, बाई आत कडी लावून करता काय, झोप काढता? ती म्हणाली, ज्याला झोपायचंय त्याची झोप तपासते.

लॉजचा मॅनेजर म्हणजे तिचा सख्खा धाकटा दीर. नोकरी त्यानेच लावून दिली, आणि चौदा वर्षांत ही गोष्ट त्याने एक दिवस विसरू दिली असेल तर शपथ. वर्षातून चार दिवस तिला रजा लागायची, तीही त्याच्याच हातात. रजा देताना भावजी असा चेहरा करायचे की जणू मूत्रपिंड काढून देतायत. यंदाची रजा गुरुवारपासून मिळाली होती, आणि आज सोमवार होता. त्या चार दिवसांसाठी कडीबाई उरलेलं वर्ष तोंड मिटून काढायची.

चार दिवस ती एकटी फिरायला जायची.

सुरुवात नऊ वर्षांपूर्वीची. थोरल्या बहिणीबरोबर जायचं ठरलं होतं, तिने ऐन वेळी गुडघा पुढे केला. नवरा खुर्चीतून म्हणाला, मग राहू दे. हे ‘मग राहू दे’ ऐकण्यात तिची चव्वेचाळीस वर्षं गेली होती. तिने पिशवी उचलली आणि बसमध्ये जाऊन बसली. उतरली त्या गावात पहिल्या लॉजवाल्याने सांगितलं, सगळं भरलंय. त्याच्या मागे फळीवर नऊ किल्ल्या लोंबत होत्या, त्या तिने तिथल्या तिथे मोजल्या. खोल्या करणाऱ्या बाईला हा सांगतो लॉज भरलंय! दुसऱ्याने नवऱ्याचा फोन नंबर मागितला. तिसरा सरळ म्हणाला, एकट्या बाईला देत नाही, नंतर भानगडी होतात. भानगड करणार पुरुष आणि खोली नाही बाईला. ऊन कलायला लागलं होतं. चौथ्या ठिकाणी तिने काहीही न विचारता रजिस्टर ओढलं आणि लिहिलं : नवरा मागून येतोय. लगेच किल्ली मिळाली.

ती ओळ तिला कारल्याहून कडू लागली होती, आणि पुढे दर वर्षी तिला ती कुठेतरी लिहावी लागलीच. घरी नवरा हसून विचारायचा, यंदा मी कुठे कुठे मागून आलो? तीही हसायची. पण मनात म्हणायची : धडधाकट, कमावती बाई. चौदा खोल्या एकटीने ओढते, आणि एका खोलीत एकटी झोपायला तिला न येणारा नवरा लागतो.

तरी ती गेली, आणि जात राहिली. पहिल्याच सफरीत सकाळी जाग आली तेव्हा ती दुसऱ्या कुणीतरी घातलेल्या अंथरुणात होती. सवयीने उठून तिने चादर ताणली, कोपरे खोचले, उशी थापटली. मग स्वतःचाच राग येऊन सगळं परत विस्कटून टाकलं आणि त्यात पुन्हा जाऊन पडली. त्या दिवशी तळ्याकाठच्या बाकावर ती दहा वाजल्यापासून बसली होती. कुणी हाक मारली नाही. आपल्याला भूक नेमकी कधी लागते हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दोन वाजता लागते. घरात ती बारा वाजता सगळ्यांबरोबर, नाहीतर तीन वाजता सगळ्यांनंतर जेवत आली होती.

फिरता फिरता तिने आपले कायदे केले. उन्हं असतानाच गावात पोचायचं. खोली बघितल्याशिवाय सही करायची नाही. अगदी टोकाची खोली घ्यायची नाही, तळमजल्यावरची रस्त्याकडच्या खिडकीची तर मुळीच नाही. लेकीला बसचा नंबर आणि लॉजचा पत्ता कळवायचा, सकाळ-संध्याकाळ फोन करायचा. रस्ता विचारायचा तर दुकानात बसलेल्या बाईला. आणि एखादी जागा, एखादा माणूस पोटाला पटला नाही तर उठून चालायला लागायचं, माफी मागत बसायचं नाही. ती लेकीला सांगायची, काळोखाने जेवढ्या बायका अडकल्या नसतील तेवढ्या संकोचाने अडकल्या.

यंदा तिला दीपगृह बघायचं होतं. आत जाऊन वरपर्यंत चढता येतं म्हणे, दोनशे अकरा पायऱ्या. लेकीने बस शोधून दिली होती. कडीबाई महिनाभर लॉजचा जिना मुद्दाम न थांबता चढत होती.

आता भावजींच्या लॉजमधल्या रजिस्टरचं. ते काउंटरवर उघडं पडलेलं असायचं, मधोमध दोरीने बांधलेलं पेन. शेवटचा रकाना होता ‘सोबत’. त्यात कुणी ‘कुटुंब’ लिही, कुणी ‘मित्र’. एकटा पुरुष आला की तो रकाना कोरा. एकटी बाई आली की भावजी खिशातलं लाल पेन काढायचे आणि ठसठशीत लिहायचे : एकटी. पद्धत त्यांनीच काढलेली. म्हणायचे, आपलं लक्ष राहतं, बाईमाणसाची जबाबदारी असते. मालकानेही एकदा पाठ थोपटली होती. चौदा वर्षं कडीबाईला ते लाल अक्षर खुपायचं, आणि चौदा वर्षं काउंटरपुढून जाताना ती ते गिळायची. आधी नोकरी आठवायची म्हणून, आणि गेली नऊ वर्षं ते चार दिवस आठवायचे म्हणून.

चादरींचा गठ्ठा कमरेवर घेऊन ती दुसऱ्या मजल्यावर उतरली तेव्हा साडेनऊ झाले होते. अकरा नंबरच्या दारात एक माणूस उभा होता. सहा नंबरचा, पंप विकत फिरणारा, दर दोन महिन्यांनी ठरलेला येणारा. अंगाला पावडर लावून, दाराच्या चौकटीला कोपर टेकवून तो बंद दाराशी गोड आवाजात बोलत होता. मॅडम, एकट्याच आहात ना, मीही एकटाच आहे, चहाला सोबत होईल.

अकरा नंबरमध्ये एक मुलगी होती. चोवीस-पंचवीसची, शाळेत शिकवणारी, काल दुपारी आलेली. किल्ली घेतल्यावर तिने कडीबाईच्या देखत आधी कडीला हिसका देऊन बघितला होता. दोनदा. कडीबाईला ती तिथेच आवडली होती.

“काय हवंय?” कडीबाईने विचारलं.

“काही नाही हो बाई, नुसती चौकशी.”

“दार बंद आहे ते दिसत नाही?”

तो हसला. कोपर काही त्याने काढलं नाही. “एवढं चिडायला काय झालं? मी काय भिंतीतून बघितलं का? तुमच्याच रजिस्टरात लिहिलंय. अकरा नंबर, एकटी. लाल शाईत. वाचा म्हणूनच लिहिता ना?”

कडीबाईने गठ्ठा खाली टाकला. बाजूला फिनेलच्या पाण्याची बादली होती, ती उचलली आणि त्याच्या पॉलिश केलेल्या बुटांपुढे आणून आदळली. पाणी उडालं. सरका, फरशी पुसायचीय, एवढंच ती म्हणाली. पण तिच्या तोंडाकडे बघून तो हसायचा थांबला आणि जिन्याकडे निघून गेला.

बऱ्याच वेळाने आतली कडी निघाली. मुलीने पिशवी भरलेली होती. रडलेली दिसत नव्हती, पण ओठ पांढरे पडले होते.

“मावशी, एक खरं सांगाल? त्याला माझी खोली कशी कळली?”

खोटं बोलणं सोपं होतं. चावटच आहे तो, प्रत्येक दार ठोठावतो, म्हणाली असती तर लॉजही सुटलं असतं आणि ती स्वतःही. कडीबाईने खरं सांगितलं. हिला धड तोंड दाखवायची आपली लायकी नाही, असं वाटलं. स्वतः दर वर्षी खोटा नवरा लिहून लपते, आणि इथे दुसऱ्यांच्या पोरी लाल शाईत टांगलेल्या रोज बघते!

मुलगी सहा दिवसांसाठी निघाली होती, हा तिसरा होता. घरी कळलं तर भाऊ आजच न्यायला येईल, म्हणाली, आणि मग पुन्हा कधीच नाही. कडीबाईने तिला पुढच्या गावातल्या एका लॉजचा पत्ता दिला. तिथे मालकीण स्वतः काउंटरवर बसते आणि सोबत कोण ते विचारत नाही.

“अकराची बस आहे. पुढेच जा, परत फिरू नकोस. आणि पोचलीस की घरी सांग. लपवू नकोस. चूक लॉजची होती, असं सांग.”

“भाऊ म्हणेल, म्हणूनच एकटी जाऊ नको म्हणत होतो.”

“म्हणू दे. त्याला विचार, चोरी झाली की चोराला सोडून घरवाल्याला कोंडतात का.”

ती स्वतः पिशवी घेऊन मुलीबरोबर खाली उतरली, तिला रखवालदाराबरोबर बसपर्यंत पाठवलं, आणि काउंटरपुढे येऊन उभी राहिली. भावजी मोबाइलवर काहीतरी बघत होते. घडलेलं तिने चार वाक्यांत सांगितलं. भावजींनी जिभेने चक् केलं. जुनं गिऱ्हाईक आहे, म्हणाले, गंमत केली असेल. पोरीही हल्ली फार नाजूक झाल्यात. आणि एकटं यायचं कशाला?

कडीबाईचा आवाज चढला नाही. उतरला. भावजींना त्याचीच जास्त भीती वाटली असावी, कारण त्यांनी मोबाइल खाली ठेवला.

“भावजी, कुलूप लावून बाहेर जाताना तुम्ही दारावर खडूने लिहिता का, आत कोणी नाही म्हणून? नाही ना? मग पोरींच्या दारावर का लिहिता?”

“वहिनी, ते त्यांच्या काळजीपोटी—”

“काळजी असती तर वही मिटलेली असती. तुम्ही पाटी लावलीत. चौदा वर्षं पाटी लावलीत आणि मी खाली मान घालून फरशी पुसत राहिले.”

भावजींचे कान लाल झाले. तोवर जिन्यावर दोन गिऱ्हाइकं थांबली होती, आणि चारचौघांत ऐकून घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. हे लॉज मी चालवतो, म्हणाले. दादाला सांगतो. तिने सांगितलं, खुशाल सांगा, दादा खुर्चीतच सापडेल. तेव्हा त्यांनी हातातलं शेवटचं अस्त्र काढलं.

“गुरुवारची रजा विसरा मग. यंदा नाही आणि पुढल्या वर्षीही नाही.”

दोनशे अकरा पायऱ्या. तिच्या गुडघ्यांना त्या एकदम आठवल्या. मागे घ्यायला अजून वेळ होता, भावजी वाटच बघत होते. नुसतं ‘राहू दे’ म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“विसरले,” ती म्हणाली.

मग तिने रजिस्टर मिटलं, काउंटरला वळसा घालून आत गेली, खालचा खण उघडून त्यात ठेवलं, आणि भावजींच्या खिशातलं लाल पेन काढून घेतलं. यापुढे वही खणात राहील, ती म्हणाली, आणि सोबतीचा रकाना सगळ्यांचाच कोरा राहील. ज्या दिवशी लाल अक्षर दिसेल त्या दिवशी चौदा खोल्या तुम्ही करायच्या. आणि सहा नंबर बाराच्या आत रिकामी करून घ्या, मला झाडायची आहे.

भावजींनी खण उघडला नाही. पावणेबाराला पंपवाला आपली नमुन्यांची पेटी घेऊन कुरकुरत गेला. रजेचं मात्र कुणी पुन्हा बोललं नाही.

सहा नंबरमध्ये पावडरचा वास कोंडला होता. ओला टॉवेल गादीवर तसाच टाकलेला, त्याखाली हातभर डाग. कडीबाई मोठ्याने म्हणाली, मेल्याला दोरी दिसत नाही. तिने खिडकी उघडली. वाऱ्याने धूळ आत आली ती आलीच. गादी कडेला धरून उभी केली, पाठीवर घेतली, आणि वाळवायला गच्चीचा जिना चढू लागली. अर्ध्यावर दम लागला तिथे ती थांबली, गादी भिंतीला टेकवली, पदराने मान पुसली, आणि पुन्हा उचलली.