एका कीबोर्डावर दोन वावरं

आमच्या भाऊजींनी आयुष्यात कोणतीही गोष्ट कमी पडली असं कधी कबूल केलं नाही. पाऊस कमी पडला तर ते म्हणत, जमिनीला आराम पाहिजेच होता. भाजीत मीठ कमी पडलं तर म्हणत, "आज कुठी भाजीची खरी चव कळून राहिली." स्वतःच्या लग्नात पंगतीला बुंदी कमी पडली, तेव्हा नवरदेवाच्या वेषात उभं राहून त्यांनी शेवटच्या पंगतीला गोडाने पित्त कसं वाढतं ते समजावून सांगितलं होतं, आणि लोक पटून उठले होते. तेव्हा भातकुलीत त्यांनी कॉम्प्युटरचं सेंटर टाकलं आणि त्यात दोन कॉम्प्युटर पण कीबोर्ड एक आणि माउसही एकच निघाला, याचं मला नवल वाटलं नाही. "दोन कीबोर्ड शिकाऊ लोकाईले लागतात, साळेबुवा," ते मला म्हणाले. "आपलं एका बैलजोडीवर दोन वावरं."

मी तेव्हा अकोल्याला, जुन्या शहरातल्या एका शाळेत कारकून होतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी आजही कोणी न विचारता सांगतो. ज्याला खपत नसेल त्याने ऐकू नये. पण खरं सांगायचं तर घरात डोकं होतं ते माझ्या ताईचं. दहावीनंतर एकालाच पुढे शिकवणं बापाला जमणार होतं, तेव्हा ताईने आपलं दप्तर धुवून वाळवून माझ्या खांद्याला लावलं आणि भाऊजींच्या घरी गेली. भाऊजी आधी कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसत. कापसाचे दिवस फिरले, गावाजवळची जिनिंग बंद पडली, तिच्या लिलावात दोन कॉम्प्युटर निघाले. भाऊजींनी ते बैलगाडीत कडब्यावर निजवून आणले. जुन्या शहरातले माझ्या ओळखीचे रिपेअरिंगवाले रहीमभाई त्यांनीच बोलावून नेले. रहीमभाईंनी दोन्ही मशीन एका वायरीने जोडल्या, एक सीडी टाकली, आणि एकाच कीबोर्ड-माउसवर दोन्ही चालू लागल्या. माउस उजवीकडे सरकवत नेला की पडद्यावरचा बाण पहिल्या मशीनच्या कडेला जाई, तिथून नाहीसा होई आणि पलीकडच्या मशीनवर उगवे. बाण ज्या मशीनवर असेल, टाइप केलेलं तिथे उमटे. एवढीच गोष्ट. पण भाऊजींच्या हातात एवढीशी गोष्ट कधी एवढीशी राहिली नाही.

सेंटरमध्ये कोणी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करायला येवो की मुलाचा बायोडाटा घेऊन, भाऊजी त्याला आधी लाकडी बाकावर बसवत आणि प्रयोग दाखवत. दोन वावरांमधल्या, म्हणजे शेतांमधल्या, बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. "पाय आता, बाण धुऱ्यावर आला. आला का? आता डोये नको मिटू. गेला! कुठी गेला?" समोरचा म्हातारा वाकून टेबलाखाली बघे. "खाली कायले पाहून राहिला, बाप्पा? त्या वावरात पाय!" मग म्हातारा दुसऱ्या पडद्यावर बाण बघून म्हणे, "अन् धुऱ्यावरून भांडण नाई होत यांचं?" या प्रश्नावर भाऊजी इतके खूश होत की त्याचा अर्ज आधी करून देत. आसपासच्या खेड्यांतून लोक नुसते बाण बघायला येत. एकजण तर पाहुणे घेऊन आला होता, मुलगी दाखवायच्या आधी.

जोडी म्हटलं की मग जोडीचे लाड आलेच. दुपारी बारा वाजता कीबोर्ड आणि माउसवर ओला करून पिळलेला दुपट्टा पडे; तासभर कोणी हात लावायचा नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी लोक बैलांचे खांदे मळतात आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात, तेव्हा भाऊजी ब्रशने कीबोर्डाच्या फटी साफ करत आणि खरोखर हात जोडून म्हणत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोळ्याच्या दिवशी सेंटर बंद. माउसच्या शेपटीला लाल गोंडा, कीबोर्डाला हळदीकुंकू. एकदा एका मास्तरांना त्या दिवशी तातडीने बदलीचा अर्ज हवा होता. भाऊजी म्हणाले, "मास्तर, आज बैल जुंपसान का? पाप लागंन." मास्तरांनी अर्ज हाताने लिहिला.

हे सगळं मी हसत हसत सांगतो आहे, पण या हसण्यात माझ्या ताईचा जीव अडकला होता. अकोल्याच्या एका कार्यालयात टायपिंगची कंत्राटी जागा निघणार होती. दहावी पास चालणार होतं. अट एकच, मराठी टायपिंगची परीक्षा, मिनिटाला तीस शब्द, अमरावतीला. मी जाहिरात कापून ताईला नेऊन दिली. तिने ती दोनदा वाचली, घडी घालून पोथीत ठेवली आणि त्याच दिवसापासून उजवीकडच्या मशीनसमोर बसायला लागली. डावीकडे भाऊजी आणि गिऱ्हाईकं. कीबोर्ड मधोमध. ताईच्या दोन ओळी झाल्या न झाल्या की डावीकडून कोणीतरी म्हणे, "साहेब, जरा एवढं नाव दुरुस्त करून द्या," आणि भाऊजी माउस ओढत. बाण धुरा ओलांडून निघून जाई. ताईची बोटं हवेत.

आणि नुसतं एवढंच नाही. भाऊजी टाइपरायटरवर वाढलेले. मान खाली घालून, बटणांकडे बघत टाइप करायचे. पडद्याकडे बघायचं ते सगळं झाल्यावर. एके दिवशी त्यांनी एका शेतकऱ्याचा अर्ज डावीकडे सुरू केला. मध्येच कोपराचा धक्का लागून बाण उजवीकडे गेला, तिथे लग्नाची पत्रिका उघडी होती. भाऊजींची मान खालीच. पत्रिकेचा कच्चा कागद घ्यायला वरबाप आला, त्याने खुर्चीवर बसून मोठ्याने वाचलं: "आमचे येथे श्रीकृपेकरून आमचे ज्येष्ठ चिरंजीव यांचा शुभविवाह, पेरलेले सोयाबीन न उगवल्यामुळे, पंचनामा होऊन योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती." बाकावर हसू फुटलं. वरबाप गंभीरपणे म्हणाला, "साहेब, पंचनामा लगन झाल्यावर करा म्हणा. आताच कराल तं सोयरे पयतीन." भाऊजींनी चुकीला चूक म्हटलं नाही. म्हणाले, "नजर लागू नये म्हणून घातलं व्हतं." ताई मात्र हसली नाही. ती पत्रिका उघडताना भाऊजींनी तिच्या सरावाचं अर्धं पान सेव्ह न करताच बंद केलं होतं.

परीक्षेला महिना उरला तेव्हा ती मला फोनवर म्हणाली, "बाबू, माह्या हाताची गती बसून नाई राहिली. तू सांगून पाय यायले. माहं तं ऐकत नाईत." मी सांगण्याच्या भानगडीत पडलो नाही. सरळ बाजारातून एक नवा कीबोर्ड घेतला, पिशवीत घातला आणि रविवारी भातकुली गाठली.

भाऊजींनी खोकं बघितलं. "हे काय आणलं?"

"ताईसाठी. तिला वेगळा."

"काहून? एका घरात दोन चुली मांडता का, साळेबुवा?"

त्या दिवशी मी चिडलो. शिकलेल्या माणसाचं चिडणं आपोआप शुद्ध भाषेत जातं, तसं माझं गेलं. मी म्हणालो, "भाऊजी, तुमच्या गमतीसाठी तिची नोकरी बुडणार असेल, तर ती गंमत मला मान्य नाही."  ताईने खोकं उघडलं आणि उजवीकडच्या मशीनच्या मागे कीबोर्डाची पिन लावली. पडद्यावर अक्षर उमटेना. तिने काढून परत लावली. मी लावून बघितली. मशीन मुकी.

"नाई चालणार ते," भाऊजी खाली बघत म्हणाले. "याचं कीबोर्डाचं पॉइंट जळेल हाये. जिनिंगमधलंच. दुसरं पॉइंट याले नाई. रहीमभाईनं पाह्यलं तवाच सांगतलं, आतलं सारं बदला लागंन. म्हून तं त्यानं ते वायरीचं केलं."

"म्हंजे एका जोडीवर दोन वावरं?" ताईने विचारलं.

"मंग काय सांगू लोकाईले? अर्धी मशीन मेलेली आणली म्हून?"

तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली, पंखा थांबला, पडदे काळे झाले.  मी खोकं परत पिशवीत घातलं. इतकी वर्षं ज्याचे प्रयोग दाखवले, ज्याला पोळ्याला ओवाळलं, तो थाटमाट एका जळक्या पॉइंटवर पांघरूण घालण्यासाठी होता. मला राग यायला हवा होता. आला नाही.

पुढच्या रविवारी गेलो तर सेंटरच्या दारावर पुठ्ठा: "मशीन नादुरुस्त. दुपारी एक ते पाच काम बंद." ज्या माणसाने कधी काही कमी पडलं म्हणून कबूल केलं नाही, त्याच्या हातचं अक्षर. आत ताई एकटी कीबोर्डासमोर, भाऊजी शेजारी स्टुलावर, हातात माझं जुनं मराठीचं पुस्तक, मोठ्याने वाचून दाखवत होते. त्यांचे हात मांडीखाली दाबलेले. "हात असे काहून ठेवले?" मी विचारलं. "माउसकडं जातात लेकाचे," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य वाचलं.

बाहेर चारपाच जण येऊन कुरकुरत बसले होते. "चालू तं दिसते मशीन! आतून आवाज येऊन राहिला!" एका म्हाताऱ्याने दाराच्या फटीतून बघितलं, परत येऊन सावलीत बसला आणि इतरांना म्हणाला, "बाई शिकून राहिली. बसा गुमान." ते बसले. काहींनी चुना मळला. रोज एक ते पाच कोणी दार वाजवलं नाही. ज्यांना घाई होती ते अमरावतीला गेले, आणि त्यातले बरेच परत आले नाहीत, हेही खरं.

ताई पास झाली, हे आधीच सांगून टाकतो. गोष्ट लांबवण्याची मला सवय नाही. तिला अकोल्याची नोकरी लागली, सेंटर बंद झालं, मशीन भंगारात गेल्या. आता भाऊजी सकाळी ताईचा डबा भरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की बायकोच्या हातचं खाऊन पोट सुटतं, म्हणून स्वैपाक स्वतःकडे घेतला. पण मला सारखी आठवते ती परीक्षेच्या दिवशीची अमरावतीहून परतीची एसटी. आम्ही तिघं मागच्या बाकावर. भाऊजी खिडकीशी. त्यांनी विचारलं, "सगळ्याईले अलग अलग कीबोर्ड व्हते?"

"हो," ताई म्हणाली. "माह्यासमोर एक अख्खा."

"मंग बरं झालं असंन."

"झालं बरं. पण दोनदा मी मधातच थांबली."

"काहून?"

"वाटलं, आता तुमी बाण नेसान."

भाऊजींनी मान खिडकीकडे वळवली. बाहेर निंदण झालेली काळी वावरं एकामागून एक मागे जात होती. मला वाटलं, आता काहीतरी गमतीचं बोलतील. त्यांना तेवढंच येतं असं मी समजत आलो होतो. काचेकडेच बघत ते म्हणाले, "आता नाई नेत. चालू दे तू तुहं."