गुळाचा चहा

वडिलांना घेऊन मी मिरजेच्या एका दवाखान्यात बसलो होतो. शेजारी आटपाडीकडचे एक वयस्कर मेंढपाळ आणि त्यांची बायको होती. मधुमेहानं म्हाताऱ्यांच्या पायाचा अंगठा काळा पडला होता. नुसता अंगठा कापायचा की सगळं पाऊल, हे डॉक्टर आता सांगणार होते.

पूर्वी ते चहात साखरेऐवजी गोड गोळी टाकत. त्या गोळीनं कॅन्सर होतो असं गावात कुणी तरी म्हणालं, तेव्हापासून बाई घाबरून गुळाचा चहा देऊ लागल्या.

"तुमी कालेजात शिकताय न्हवं?" बाईंनी मला विचारलं. "गुळानं तर न्हाई ना वाढत साखर?"

वाढते, हे मला माहीत होतं. गोळीबद्दल मात्र खात्री नव्हती. मी तोंड उघडणार तोच म्हाताऱ्यांनी माझा गुडघा घट्ट दाबला.

"त्येला काय इचारतीस? मिसरूड तरी फुटलंय का त्येला?" ते हसले. हात मात्र माझ्या गुडघ्यावरून काढला नाही.

आतून हाक आली. बाई उठू लागल्या.

"तू हितंच बस. डाक्टर लय वराडतो."

मग माझ्या कानाशी वाकून ते म्हणाले, "तिला आत सोडू नगा. गूळ मीच चोरून खाल्ला, आसं डाक्टरला सांगनार हाय."

मी दारात उभा राहिलो.