साहेबाची उभी-आडवी अक्षरं

मी तेव्हा गिरगावातल्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायचे आणि फणसवाडीत भावाकडे राहायचे. तिशी उलटली होती. माझ्या लग्नाचा विषय घरात निघेनासा झाला होता, आणि त्यानंतर माझ्याशी बोलायला कुणाकडे फारसं काही उरलं नव्हतं. शाळेतल्या एका बाईंनी दादरच्या सरांकडचं काम सुचवलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

सर वनस्पतिशास्त्राचे. तरुणपणी समुद्रातल्या शेवाळावर त्यांनी नाव घेण्यासारखं काम केलं होतं. मग सरकारात मोठी जागा मिळाली आणि सूक्ष्मदर्शकावर जी खोळ चढली ती कायमचीच. आता ते निवृत्त होते. पत्नी वारलेली, मुलगी दिल्लीला. विलायतेतल्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना शंभर वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज शास्त्रज्ञाच्या पत्रांच्या फोटोप्रती पाठवल्या होत्या. हा साहेब तिकडच्या एका शहराच्या पाणीपुरवठ्यावरचा अधिकारी. दिवसभर समित्या, अहवाल, लोकांच्या तक्रारी. उरल्या वेळात तळ्यांतलं शेवाळ. त्याबद्दल तो आयुष्यभर एकाच मित्राला लिहीत राहिला. सरांना या पत्रांचं पुस्तक करायचं होतं, पण अक्षर लागत नव्हतं. कागद वाचवायला साहेब आडवं पान भरलं की ते फिरवून त्याच मजकुरावर उभं लिहायचा. मुलींच्या वह्या तपासून मला कसलंही अक्षर लागायचं. दर शनिवारी दुपारी मी वाचायचे, सर लिहून घ्यायचे.

एका शनिवारी मराठी राज्याच्या मागणीसाठी हरताळ होता. ट्राम बंद. मी चालत निघाले. भायखळ्याला दुकानांच्या फळ्या लागलेल्या, लालबागला रस्त्यावर दगड आणि काचा, हवेत डोळ्यांना झोंबणारा धूर. दार उघडल्यावर सर घाबरलेच.

"अहो बाई, आज कशाला आलात? काही झालं असतं म्हणजे?"

"घरी बसून काय करू, सर?"

आत जाऊन त्यांनी स्वतः चहा केला. साखर दोनदा पडली होती.

त्या दिवशीच्या पत्रात साहेबाने लिहिलं होतं, की वसंतात राजीनामा देतो आणि तळ्याकाठी घर घेतो.

"हे मागच्या वर्षीही लिहिलंय त्याने," सर हसले. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "मीही म्हणायचो. दर दिवाळीला, हिच्यापाशी. ती म्हणायची, बरं." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही पुढची पत्रं चाळली असतील. सोडली का हो त्याने नोकरी?"

"नाही, सर. शेवटचं पत्रही कचेरीच्याच कागदावर आहे. डोळे गेले होते, दुसऱ्याकडून लिहवून घेतलंय."

पुढच्या शनिवारी सूक्ष्मदर्शक टेबलावर होता, पुसलेला. ओहोटी असेल तेव्हा आम्ही वरळीच्या खडकांवर जाऊ लागलो. सर धोतर खोचून पाण्यात उतरायचे, मी बरणी धरायचे. शेवाळाचा एक लाल तुकडा भिंगाखाली पाहून ते म्हणाले, "बाई, या पेशी बघा. किती वर्षांनी बघतोय!" मीही डोळा भिंगाला लावला. माझ्यासाठी ते महिने फार चांगले गेले.

मग मराठी राज्य होणार हे नक्की झालं आणि सरांना बोलावणं आलं. नव्या राज्याच्या मासेमारीची आखणी करायला समिती नेमायची होती, अध्यक्ष म्हणून ते हवे होते. पत्र दाखवून ते म्हणाले, "आपलं राज्य होतंय, बाई. इतकी माणसं मेली त्यासाठी. मी नाही कसं म्हणू?"

मी बरणीतलं पाणी बदलत होते. "खरंय," एवढंच मी म्हणाले. मी अडवावं असं त्यांना वाटत होतं का, ते मला आजही सांगता येत नाही. आणि अडवायचं तरी काय म्हणून? सर बोलत होते ते खरंच होतं.

त्यानंतर मी गेले की ते बहुतेक घरी नसायचे. शेजारी किल्ली असायची. मी एकटीच वाचायचे, एकटीच उतरवायचे. एकदा ते घरी होते, तर खुर्चीत फाइल छातीवर घेऊन झोपलेले. मी त्यांना उठवलं नाही. साहेबाचं पत्र हळू आवाजात वाचलं आणि दार ओढून घेऊन निघाले.

राज्य झालं त्या संध्याकाळी गिरगावात दिवाळीसारखी रोषणाई होती. वहिनीने दारात मोठी रांगोळी काढली, भाऊ अनोळखी माणसांना पेढे वाटत होता. मी ठाकूरद्वारपर्यंत गेले. मलाही आनंद झाला होता, अगदी मनापासून. सरांना भेटावंसं वाटलं, पण ते कुठल्यातरी समारंभात मंचावर असणार. एका लहान मुलीने माझ्या हातात पेढा ठेवला आणि ती आईमागे पळाली. तो खात मी गर्दी ओसरेपर्यंत तिथेच उभी राहिले.

समितीचं काम चालू असतानाच सर गेले. पुस्तक झालं नाही. मुलीने दिल्लीहून येऊन घर आवरलं, पत्रांचं बाड आणि मी उतरवलेले कागद सोबत नेले. जाताना तिने विचारलं, "तुम्ही बाबांच्या कचेरीतल्या का?"

"नाही," मी म्हटलं. "मी शनिवारी यायचे."